स्वस्त गोणी, महाग किलो

दिंडोरीकडच्या एका तरुणाचा पावसाळ्यात फोन आला. द्राक्षबाग मोडून त्या जागेवर शेड उभी केलेली, आत चाळीस डुकरं, यॉर्कशायरचं क्रॉस. "भाऊ, एवढंच सांगा, सगळ्यात स्वस्त खाद्य कोणतं बसेल?"

"माती," मी म्हटलं. "फुकट आहे."

तो हसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो नसतो, कारण डुक्करपालनात शंभर रुपये खर्च झाले की त्यातले साधारण ६५ ते ७५ रुपये खाद्यात जातात. पण माझं उत्तर अगदीच टवाळकीचं नव्हतं. प्रश्न चुकला की हिशेब कितीही काटेकोर करा, उत्तर मातीच्या आसपासच येतं. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

माझं रोजचं काम कोंबड्यांच्या आणि गाईंच्या खाद्याचे हिशेब मांडण्याचं. आपल्या नाशिक जिल्ह्यात गाईच्या खुराकाचा प्रश्न चहाच्या टपरीवर मोठ्याने विचारला जातो आणि डुकराचा प्रश्न फोनवर, आवाज खाली आणून. गणित दोन्हीकडे एकच आहे. किंबहुना डुकराचं जास्त स्वच्छ आहे. दूध नाही, अंडं नाही, तोंडातून खाद्य आत जातं आणि काट्यावर वजन वाढतं.

आधी एक सूचना. पुढे जे भाव येतील ते हिशेब दाखवायला धरलेले आहेत. मका २२ रुपये किलो, सोयापेंड ४० रुपये, असे. तुम्ही वाचाल तेव्हा लासलगावला किंवा येवल्याला मक्याचा भाव वेगळा असेल. तुमचा आकडा घाला, रीत तीच राहील.

गोणीचा भाव आणि किलोचा भाव

समजा दोन खाद्यं आहेत. पहिलं मका-सोयापेंडीचं, २६ रुपये ७० पैसे किलो. दुसऱ्यात कोंडा, भुसा जास्त, ते २२ रुपये किलो. ५० किलोच्या गोणीमागे २३५ रुपयांचा फरक. दुकानात उभं राहून हा फरक फार मोठा वाटतो.

आता डुक्कर ३० किलोचं ९० किलोपर्यंत न्यायचं आहे, म्हणजे ६० किलो वाढ. पहिल्या खाद्यावर एक किलो वाढीला ३ किलो खाद्य लागतं असं धरू. यालाच एफसीआर म्हणतात. लागलं १८० किलो, खर्च ४,८०६ रुपये. दुसऱ्या खाद्यात ऊर्जा कमी आणि चोथा जास्त, म्हणून एफसीआर ३.८ धरू. लागलं २२८ किलो, खर्च ५,०१६ रुपये. स्वस्त गोणीने डुकरामागे २१० रुपये जास्त खाल्ले.

एवढ्यावर भागत नाही. पहिलं डुक्कर रोज ६५० ग्रॅम वाढलं तर ९२ दिवसांत विकायला येतं. दुसरं ४८० ग्रॅमनेच वाढत असेल तर १२५ दिवस लागतात. ३३ दिवस जादा. मजुरी, पाणी, औषध, वीज मिळून डुकरामागे रोजचे ८ रुपये धरले तर आणखी २६४ रुपये. चाळीस डुकरांचा एकूण फरक १८,९६० रुपये, आणि तो कुठेच एकरकमी दिसत नाही. गोणीवर वाचलेले २३५ मात्र दर आठवड्याला दिसतात. खरी गोम इथे आहे.

म्हणून दोन खाद्यांची तुलना करताना भावाला एफसीआरने गुणा. २६.७० गुणिले ३ म्हणजे एक किलो वाढीला ८० रुपये १० पैसे. २२ रुपयांच्या खाद्याला बरोबरी गाठायची तर ३.६४ च्या खाली एफसीआर दाखवावा लागेल. कधीकधी स्वस्त खाद्य खरंच जिंकतं हेही इथेच कळतं. २५.५० रुपयांचं खाद्य ३.१ एफसीआर देत असेल तर किलोमागे ७९ रुपये ५ पैसे पडतात, घेऊन टाका. महाग ते चांगलं हाही अंधविश्वासच, आणि तो पसरवणारे गोणीसोबत टोपी आणि कॅलेंडरही देतात.

प्रथिनांचा मोह

खाद्य म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "प्रोटीन किती टक्के?" भारतीय मानक ब्युरोच्या मोजपट्टीत वाढीच्या डुकराच्या खाद्यात १८ टक्के आणि शेवटच्या टप्प्यात १६ टक्के प्रथिनं मागितली आहेत. गोणीवर तोच आकडा ठळक असतो. पण डुकराला 'प्रथिनं' नावाचा पदार्थ लागतच नाही. त्याला लागतात प्रथिनं फोडल्यावर मिळणारी अमिनो आम्लं, आणि मक्यावर आधारलेल्या खाद्यात त्यातलं सर्वांत आधी कमी पडतं ते लायसिन.

लग्नाच्या पंगतीचं बघा. भात २०० जणांचा, वरण २०० जणांचं, जिलब्या ३००. पण पत्रावळी १२०. पंगत १२० चीच बसणार. लायसिन ही डुकराची पत्रावळ. ती संपली की बाकीची आम्लं कितीही असोत, त्यांचं मांस होत नाही. शरीर ती जाळतं, त्यातला नायट्रोजन मुतावाटे बाहेर टाकतं आणि शेडमध्ये डोळे चुरचुरतात. तो अमोनियाचा वास म्हणजे तुम्ही विकत घेतलेली पेंडच असते.

आता बाजाराकडे बघू. सोयापेंड ४० रुपये, प्रथिनं ४६ टक्के. शेंगदाणा पेंड ३८ रुपयांना मिळाली असं धरा, प्रथिनं ४५ टक्के. एक किलो प्रथिन सोयापेंडीतून ८७ रुपयांना पडतं, शेंगदाणा पेंडीतून ८४ ला. शेंगदाणा जिंकला? लायसिन मोजा. सोयापेंडीत ते सुमारे २.९ टक्के असतं, शेंगदाणा पेंडीत दीडच टक्का. एक किलो लायसिन सोयापेंडीतून १,३७९ रुपयांना मिळतं आणि शेंगदाणा पेंडीतून २,५३३ रुपयांना. 'स्वस्त' पेंड जवळपास दुप्पट महाग निघाली. वर तिला बुरशी लागली असेल तर अफ्लाटॉक्सिनचं विष अंगावर येतं ते वेगळं.

मग लायसिन किती लागतं? वय वाढतं तसं टक्केवारीने कमी होत जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या तक्त्यात २५ ते ५० किलोच्या डुकराला खाद्याच्या ०.९८ टक्के पचणारं लायसिन सांगितलं आहे, आणि ७५ ते १०० किलोच्या डुकराला ०.७३ टक्के. ते आकडे झपाट्याने मांस धरणाऱ्या तिकडच्या जातींचे. आपल्याकडच्या क्रॉसला थोडं कमी पुरतं, म्हणून मी मधल्या टप्प्याला एकूण लायसिन ०.८५ टक्के धरतो.

१०० किलो खाद्य बनवू. ३ किलो मिनरल मिक्श्चर, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), मीठ वगैरे, त्याचे १८० रुपये. उरले ९७ किलो, मका आणि सोयापेंड मिळून. मक्यात लायसिन पाव टक्का. गणित सुटतं ते असं: २३ किलो सोयापेंड, ७४ किलो मका. एकूण २,७२८ रुपये, म्हणजे किलोला २७.२८.

आता त्यात फक्त १५० ग्रॅम लायसिनची पावडर घाला. बाजारातल्या लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये सुमारे ७८ टक्के लायसिन असतं. १८० रुपये किलो धरली तर १५० ग्रॅमचे २७ रुपये. आता सोयापेंड साडेअठरा किलोवर येते, मका ७८ किलोच्या थोडा वर जातो आणि खर्च उतरतो २,६७१ रुपयांवर. २७ रुपयांची पावडर घालून वर क्विंटलमागे ५७ रुपये शिल्लक. प्रथिनं मात्र १७.२ टक्क्यांवरून १५.६ वर येतात. गोणीवरचा आकडा बघून खरेदी करणारा नाराज होईल, डुक्कर होणार नाही.

लगेच कोणीतरी विचारतं, "मग ५०० ग्रॅम घालू का?" नको. लायसिनची पत्रावळ पुरली की पुढची कमतरता दिसायला लागते, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन. पत्रावळी ३०० केल्या तर वाटीभर आमटी कमी पडते. सव्वाशे-दीडशे ग्रॅमपुढे जायचं तर ही बाकीची आम्लंही हिशेबात धरावी लागतात. मग कागद-पेन पुरत नाही.

उताराचं शेत

तीन-चार जिन्नस आणि दोन अटी असतील तर हाताने जमतं. मका, सोयापेंड, राइस पॉलिश (तांदूळ पांढरा करताना निघणारी भुकटी), गव्हाचा कोंडा, डीडीजीएस (धान्याचं इथेनॉल काढल्यावर उरणारा, सुकवलेला गाळ), मळी आणि त्यावर ऊर्जा, लायसिन, कॅल्शियम, फॉस्फरस, चोथा अशा दहा-बारा अटी आल्या की रेषीय नियोजन लागतं. नाव भारदस्त आहे, कल्पना शेतातली आहे.

एक शेत डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंनी बांध. प्रत्येक बांध म्हणजे एक अट: लायसिन याच्या खाली नको, चोथा याच्या वर नको. बांधाच्या आतली प्रत्येक जागा म्हणजे चालू शकेल असं एक खाद्य. शेताचा उतार म्हणजे भाव, जितकं खाली तितकं स्वस्त. आता पाणी सोडा. एकसारखा उतार असेल तर पाणी कुठे साचेल? मधोमध नाही. बांधाला लागून वाहत जाऊन सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. सर्वांत स्वस्त खाद्य नेहमी असं कोपऱ्यातच सापडतं, जिथे दोन-तीन अटी एकमेकींना भेटतात. म्हणून संगणक सगळं शेत तुडवत नाही. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, दरवेळी आणखी खाली, असा उतरत जातो.

एका कोपऱ्यातून दुसऱ्यात उतरण्याची ही रीत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये शोधली. त्याआधी १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने एक प्रश्न मांडला होता: ७७ अन्नपदार्थ, ९ पोषकघटक, एका माणसाचं वर्षाचं सर्वांत स्वस्त जेवण कोणतं? त्याने अंदाज-पडताळा करत १९३९ च्या भावाने ३९.९३ डॉलरचं उत्तर काढलं. डँट्झिग यांच्या रीतीने तोच प्रश्न हाताने फिरवायच्या गणकयंत्रांवर सोडवला तेव्हा सुमारे १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आलं ३९.६९ डॉलर. स्टिग्लर फक्त २४ सेंटने चुकला होता. आज एक्सेलमधला सॉल्व्हर हे काम तुम्ही बोट उचलायच्या आत करतो.

पुढे डँट्झिग यांनी स्वतःचं वजन कमी करायला याच पद्धतीने आहार काढला, तर यंत्राने त्यांना शेकडो गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. अट घालायची राहून गेली होती. माझ्या पहिल्या शीटने मला याहून वाईट उत्तर दिलं होतं. कॅल्शियमची वरची मर्यादा लिहायची विसरलो आणि सगळ्यात स्वस्त पदार्थ म्हणून खाद्यात चुनखडीचा ढीग आला. संगणकाचा दोष नाही. बांध जिथे फुटला तिथून पाणी जाणारच.

उताराच्या शेताने आणखी एक गोष्ट समजते. मक्याचा भाव पन्नास पैशांनी हलला तर उतार किंचित बदलतो, पण पाणी त्याच कोपऱ्यात राहतं. म्हणजे खाद्य बदलायची गरज नाही. भाव हलत हलत एका टप्प्यावर मात्र पाणी एकदम दुसऱ्या कोपऱ्यात जातं, आणि कालपर्यंत नसलेलं राइस पॉलिश आज अचानक खाद्यात येतं. रोज भाव बघून रोज खाद्य बदलणाऱ्याला यातलं निम्मं माहीत असतं. आपण कोपरा बदलण्याच्या किती जवळ आहोत, ते कळायला हवं.

पॉलिश कितीला घ्यावं

ही जवळीक मोजायला एक सोपी युक्ती आहे. मका आणि सोयापेंड यांना मापं समजा. किलोभर मक्यात सुमारे ३,३०० किलोकॅलरी ऊर्जा आणि अडीच ग्रॅम लायसिन असतं, त्याचे २२ रुपये. सोयापेंडीत ३,२०० किलोकॅलरी आणि २९ ग्रॅम, त्याचे ४० रुपये. दोन समीकरणं, दोन अज्ञात, नववीचं गणित. उत्तर येतं: १,००० किलोकॅलरीचे ६ रुपये १३ पैसे, एक ग्रॅम लायसिनचे ७० पैसे.

या मापाने कोणताही जिन्नस तोला. घोटीकडच्या भातगिरण्यांवर मिळणारं चांगलं राइस पॉलिश, ३,००० किलोकॅलरी आणि ५ ग्रॅम लायसिन धरलं, तर त्याची लायकी २१ रुपये ९० पैसे. २० ला मिळालं तर उचला, २३ ला मिळालं तर राहू द्या. गव्हाचा कोंडा, २,३०० किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम, म्हणजे १८ रुपये ३० पैसे. तो २४ रुपयांनी विकला जात असेल तर गाईवाल्यांना घेऊ द्या. गाईच्या पोटातले जंतू चोथ्याचं सोनं करतात, डुकराचं पोट आपल्यासारखं एका कप्प्याचं.

मका २२ वरून २५ झाला तर? तीच समीकरणं पुन्हा सोडवली की पॉलिशची लायकी २४ रुपये ३५ पैशांवर जाते. काल महाग वाटलेलं २३ चं पॉलिश आज घ्यावं लागतं. पॉलिश तेच, फक्त शेजारी महागला. २०२३-२४ पासून इथेनॉलवाल्यांनी मक्याला हात घातला तेव्हा कोंबडीवाल्यांची जी तारांबळ उडाली तिचं गणित हेच. गंमत म्हणजे त्याच इथेनॉल कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस मग पेंडीचा भाव पाडू लागला. त्यात प्रथिनं भरपूर असतात, पण सुकवताना तापल्यामुळे त्यातलं लायसिन नीट पचत नाही. म्हणून त्याला प्रथिनांच्या मापाने नव्हे, लायसिनच्या मापाने तोला.

ही युक्ती ढोबळ आहे. पोटातल्या जागेचं भाडं ती धरत नाही. तेल काढलेला भाताचा कोंडा या मापाने फायद्याचा दिसू शकतो, पण १०० किलोत तो २५ किलो शिरला की ऊर्जेचं सरासरी प्रमाण इतकं खाली येतं की डुक्कर पोटभर खाऊनही उपाशी राहतं. पॉलिशचीही मर्यादा आहे. त्यात १२ ते १५ टक्के तेल असतं, उन्हाळ्यात पंधरा दिवसांत खवट होतं, आणि शेवटच्या महिन्यात जास्त दिलं तर चरबी मऊ पडते. कसाई अशा चरबीला बोट लावूनच ओळखतो आणि भाव तोडतो. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ती तर मी डुकराच्या शीटमध्ये लिहीतच नाही. हे सगळे बांध तुम्हालाच घालायचे, सॉल्व्हरला कसाई माहीत नसतो.

फुकटाचा टोमॅटो

आपल्या जिल्ह्यात हा विषय टाळून चालणार नाही. पिंपळगाव बसवंतला भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतलेले दिसतात, आणि कोणीतरी म्हणतंच, "डुकरांना चारा की." २ रुपये किलोने घेतले असं धरा. टोमॅटोत ९४ टक्के पाणी. १०० किलोतून ६ किलो सुकं अन्न. २०० भागिले ६ म्हणजे सुक्या किलोला ३३ रुपये. २२ रुपयांच्या मक्यात ८८ टक्के सुकं, म्हणजे किलोला २५ रुपये. २ रुपयांचा टोमॅटो २२ रुपयांच्या मक्यापेक्षा महाग पडतो!

बरं, फुकट मिळाले तर? टनभर टोमॅटोत ६० किलो सुकं अन्न. ते मक्याच्याच तोडीचं मानलं, जे ते नाही, तरी ६८ किलो मक्याची बरोबरी, म्हणजे १,५०० रुपये. टेम्पोचं भाडं, हमाली आणि सडलेले निवडायची मजुरी याहून जास्त झाली तर फुकट टोमॅटोनेही तोटाच. थोडे पिकलेले टोमॅटो खुशाल द्या, डुकरं आवडीने खातात. पण ते खाद्याच्या जागी मोजू नका. पाला आणि हिरवी फळं नकोच. कांद्याचं पाणी थोडं कमी, ८७ टक्क्यांच्या आसपास, पण त्यातली गंधकाची द्रव्यं गाई आणि कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात हे माहीत असताना मी तो डुकराला रोजचं खाद्य म्हणून सांगत नाही. वायनरीतून निघणारा द्राक्षाचा चोथा? साल, बी आणि टॅनिन. खतात घाला.

हॉटेलचं उरलेलं अन्न ही वेगळी गोष्ट. मुंबई-आग्रा महामार्गावर ते भरपूर मिळतं आणि त्यात ऊर्जाही असते. पण ते पाणीदार असतं, रोज वेगळं असतं आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांमध्ये त्याला औषध नाही, आणि तो पसरायच्या वाटांपैकी एक हीच, न उकळलेलं उष्टं. इंग्लंडमधली २००१ ची लाळ-खुरकुताची साथही उष्ट्यापासूनच सुरू झाल्याचं मानलं जातं. त्यानंतर तिथे ते चारण्यावर बंदी आली. द्यायचंच असेल तर ढवळत अर्धा तास तरी खळखळून उकळा आणि सरपणाचा किंवा गॅसचा खर्च हिशेबात लिहा. लिहिल्यावर बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो.

चाळीतला कांदा

सगळ्यात मोठी चूक खाद्य निवडण्यात होत नाही, डुक्कर कधी विकायचं यात होते. आणि हा प्रश्न नाशिकच्या माणसाला वेगळा समजवायला नको, तो दर उन्हाळ्यात चाळीतल्या कांद्यापाशी उभा राहून हाच विचार करतो: आज काढू की महिनाभर थांबू? थांबलं तर भाव चढेल, पण वजनही घटेल. डुकरात वजन घटत नाही, वाढ महाग होत जाते.

सरासरी एफसीआर ३ आहे म्हणजे प्रत्येक किलो ३ किलो खाद्यात मिळतो असं नाही. ४० किलोच्या डुकराचा पुढचा किलो २.४ मध्ये मिळत असेल तर ८० च्या डुकराचा ३.४ मध्ये, ९० च्या डुकराचा ३.७ मध्ये आणि १०० च्या डुकराचा ४.२ मध्ये, असं काहीसं. कारण वजन वाढलं की आधीचं शरीर सांभाळायलाच जास्त खाद्य जातं, आणि नव्या वाढीत मांसापेक्षा चरबी जास्त असते. चरबी साठवायला ऊर्जा मांसापेक्षा कितीतरी जास्त लागते, कारण मांसात बरंचसं पाणी असतं.

शेवटच्या टप्प्याला लायसिन ०.७० टक्के पुरतं असं धरून खाद्य २५.७० रुपयांत बसतं. ८० किलोला पुढचा किलो ८७ रुपयांच्या खाद्यात पडतो, वर दिवसाच्या ८ रुपयांचा वाटा १२ रुपये, एकूण ९९ ते १००. ९० किलोला १०७. १०० किलोला १२०. जिवंत डुकराचा भाव ११० रुपये धरला तर ९० च्या थोडं पुढे हिशेब उलटतो. त्यानंतरचा प्रत्येक किलो तुम्ही खरेदीपेक्षा कमी भावात विकत असता. डुक्कर मात्र मोठं आणि देखणं दिसतं, पाहुण्यांना दाखवायला बरं.

भाव १२५ झाला तर शंभरपर्यंत थांबा. मका उतरला तरी थांबा. पण जागा भरलेली आणि पुढची पिल्लं दाराशी तयार असतील तर उलट आधीच विका. मग तुलना 'पुढचा किलो नफ्यात आहे का' एवढीच राहत नाही. या कप्प्यात नवं पिल्लू दिवसाला सरासरी जेवढा नफा देईल, त्यापेक्षा हे जुनं डुक्कर आज कमी देतंय का, हे बघायचं. कमी देत असेल तर त्याचा मुक्काम संपला.

दिंडोरीच्या त्या तरुणाला मी हे सगळं तासभर समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण भाऊ, माझ्याकडे काटाच नाही. कोणतं डुक्कर किती किलोचं, मला कसं कळणार?"

तेव्हा लक्षात आलं की मी पंगत जिलबीपासून वाढायला घेतली होती. एफसीआर, शेवटचा किलो, विक्रीचं वजन, सगळं वजनावर उभं, आणि वजनच माहीत नाही. त्याला शिंप्याची टेप आणायला सांगितली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, मीटरमध्ये. कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. घेर १.०२ आणि लांबी १.०५ असेल तर साधारण ७६ किलो. चार-दोन किलोंची चूक होते, पण दर पंधरवड्याला त्याच दहा डुकरांची मापं, त्याच माणसाने, सकाळी खाद्य टाकायच्या आधी घेतली तर वाढ कळते. आणि त्या पंधरवड्यात किती गोण्या संपल्या ते भिंतीवर खडूने लिहायचं. कुंडीतून सांडलेलंही त्यातच मोजायचं, कारण पैसे त्याचेही दिलेत.

पंधरा दिवसांनी त्याने भिंतीचा फोटो पाठवला. चाळीस डुकरांत सदतीस गोण्या. त्याखाली दहा डुकरांचे घेर. नंतर फोन आला, या वेळी आवाज खाली नव्हता. "भाऊ, एफसीआर ४.४ येतोय. टेप चुकीची आहे का?"

टेप बरोबर होती. मका अर्धवट भरडलेला होता, विष्ठेत दाणे सापडले. आता त्याने चक्कीची जाळी बदलली आहे आणि पुढच्या पंधरवड्याचा आकडा यायचा आहे.